गिजुभाई बधेका आणि शाळेत जाण्याचे वय

मूल शाळेत केव्हा घालावे हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांनी सहसा आपला मानलेला नाही. तो घराघरांतील आईबापांचा, आणि फार तर शिक्षणशास्त्रज्ञांचा प्रश्न समजला जातो. गुजराती बालवाङ्मयाचा विचार करताना मात्र त्याला टाळून पुढे जाता येत नाही. या वाङ्मयाला ज्यांच्या हातून आधुनिक वळण लागले त्या गिजुभाई बधेका यांच्या आयुष्याची दिशाच मुळी या प्रश्नाने बदलली. आणि त्याचे जे उत्तर त्यांनी दिले त्याचा ठसा त्यांच्या शाळेइतकाच त्यांच्या गद्यावरही उमटला. शिक्षणाचे इतिहासकार त्यांना थोर बालशिक्षणतज्ज्ञ म्हणून गौरवितात, वाङ्मयाचे इतिहासकार त्यांची गणना बालसाहित्यिकांत करतात, आणि दोघेही बहुधा आपापल्या दालनाबाहेर डोकावत नाहीत. हे दोन गिजुभाई मुळात एकच होते, आणि त्यांना जोडणारा दुवा अडीच वर्षांच्या मुलात सापडतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्यांचे पूर्ण नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चित्तळ या गावी झाला. बालपण वळा येथे गेले. वळा म्हणजे प्राचीन वलभी, जेथे एके काळी दूरदेशीचे विद्यार्थी येत असत. गिजुभाईंच्या लहानपणी त्या वैभवाची खूण म्हणून अवशेष तेवढे उरले होते, आणि गावातली शाळा इतर गावांतल्या शाळांसारखीच होती. पुढे भावनगरला त्यांचे शिक्षण झाले. १९०७ मध्ये, त्या काळी काठेवाडातील कितीतरी तरुण जात त्याप्रमाणे, तेही पोटापाण्यासाठी पूर्व आफ्रिकेत गेले. दोन वर्षांनी परतले. मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण येथे वकिली सुरू केली. वकिली बरी चालली होती. येथवरच्या चरित्रात पुढच्या माणसाची चाहूल लागावी असे फारसे काही नाही, आणि ती ओढूनताणून शोधण्याचे कारणही नाही.

फेब्रुवारी १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव नरेंद्र. हा मुलगा वाढू लागला तसे वढवाणच्या या वकिलाला एका साध्या प्रश्नाने घेरले. मुलाचे पुढे काय करायचे?

त्या काळच्या मध्यमवर्गीय बापापुढे उत्तर तयार होते. परंपरेने विद्यारंभाचा संस्कार पाचव्या वर्षी सांगितला होता. चांगला मुहूर्त पाहून पाटीपूजन करायचे, मुलाच्या हाती लेखणी द्यायची आणि त्याला शाळेत नेऊन बसवायचे. इंग्रजी अमदानीतील प्राथमिक शाळेनेही साधारण तेच वय स्वीकारले होते. पाढे, मुळाक्षरे, घोकंपट्टी आणि छडी ही त्या शाळेची चतुःसूत्री. हुशार मुलाला शेजाऱ्याच्या मुलापेक्षा वर्षभर आधी तेथे धाडावे, म्हणजे तो वर्षभर आधी मॅट्रिक होईल आणि वर्षभर आधी नोकरीला लागेल, हा हिशेबही अनेक घरांत होत असे. उलट, मूल अशक्त असेल किंवा आजीचे लाडके असेल तर त्याला वर्षभर घरीच ठेवीत. लवकर की उशिरा या दोन्ही निर्णयांत एक गोष्ट गृहीत होती, ती म्हणजे शाळा जशी आहे तशीच राहणार. मुलाने तिच्यात केव्हा शिरायचे, एवढाच काय तो निवडीचा भाग.

गिजुभाईंना ते गृहीतच मान्य होईना. आपण ज्या शाळेतून गेलो त्या शाळेत आपल्या मुलाला कोणत्याच वयात धाडू नये, अशा निष्कर्षाप्रत ते आले. आता या निष्कर्षाने प्रश्न सुटत नाही, तो अधिक बिकट होतो. शाळेत घालायचे नाही तर मग करायचे काय? वकिलाच्या घरात मूल दिवसभर मोकळे सोडणे हे काही शिक्षण नव्हे, हेही त्यांना कळत होते. दरबार गोपाळदास देसाई यांच्याकडे त्यांनी आपली ही चिंता बोलून दाखविली. गोपाळदासांनी त्यांना वसो येथील मोतीभाई अमीन यांचे नाव सुचविले. गुजरातेतील ग्रंथालय-चळवळीचे आद्य प्रवर्तक म्हणून मोतीभाई सर्वश्रुत आहेत. पुस्तक योग्य माणसाच्या हाती योग्य वेळी पडावे यासाठी जन्मभर खपलेल्या या गृहस्थांनी गिजुभाईंना मारिया माँटेसरी यांच्या विचारांची ओळख करून दिली. मोतीभाईंच्या साऱ्या ग्रंथसेवेत याहून मोठे फळ आलेले पुस्तकदान क्वचितच असेल.

युरोपात हा प्रश्न तोवर निराळ्या रीतीने मांडला गेला होता. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. नावात शाळा हा शब्द त्यांनी येऊ दिला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रशियाच्या सरकारला या बागेत राजद्रोहाचा वास आला आणि १८५१ मध्ये तिच्यावर बंदी आली. पुढच्याच वर्षी फ्रोबेल निवर्तले. त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने रोममध्ये डॉक्टर असलेल्या माँटेसरींनी सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी बालगृह उघडले. तेथील मुले तीन ते सहा वर्षांची होती. आईबाप कामावर गेल्यावर ही मुले इमारतीची नासधूस करीत, म्हणून मालकांना त्यांची काही व्यवस्था लावावयाची होती. अशा अगदी व्यावहारिक कारणातून निघालेल्या त्या घरात मुलांचे डोळे, कान, बोटे यांना काम मिळाले, आणि बाहेरून शिस्त न लादता मुले एकाग्र होऊ शकतात हे दिसून आले. माँटेसरींच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९१२ मध्ये निघाले. नरेंद्रचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा. गिजुभाईंच्या पिढीआधीच्या बापाला हा ग्रंथ वाचण्याची सोयच नव्हती.

भावनगरला नृसिंहप्रसाद भट्ट, म्हणजेच नानाभाई, यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९१० मध्ये दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन स्थापन केले होते. गिजुभाईंचे मामा हरगोविंद पंड्या यांचा या संस्थेशी निकटचा संबंध होता. प्रथम कायदेशीर कामाच्या निमित्ताने गिजुभाई संस्थेच्या जवळ आले, आणि १९१६ मध्ये वकिली सोडून तेथेच दाखल झाले. मुलगा त्या वेळी तीन वर्षांचा होता. चालत्या व्यवसायावर पाणी सोडून एका नव्या, निर्धन संस्थेत जाणे घरच्या माणसांना कसे वाटले असेल याची कल्पना करता येते. गिजुभाईंनी स्वतः या त्यागाचा डांगोरा पिटला नाही. तेव्हा आपणही त्यावर फार रेंगाळू नये.

दक्षिणामूर्तीत त्यांच्याकडे आले ते विनयमंदिर, म्हणजे माध्यमिक शाळा. काही वर्षे ते तिचे आचार्य होते. तेथे येणारी मुले दहा-बारा वर्षांची असत, आणि ती येत ती घडून आलेली असत. कोणी भित्रा, कोणी लबाड, कोणी पाठांतरात तरबेज पण स्वतःहून एक पाऊल न टाकणारा. छडी नाही, परीक्षेचा बागुलबुवा नाही, तरी ही मुले मोकळी होईनात. गिजुभाईंच्या मनाने घेतले की आपण उशिरा पोहोचत आहोत. जे करावयाचे ते याच्या कितीतरी आधी करावयास हवे होते. १९२० च्या ऑगस्ट महिन्यात त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले आणि प्रवेशाचे वय ठेवले अडीच वर्षे.

येथे वाचकाला एक विसंगती जाणवल्यावाचून राहणार नाही. जो बाप पाचव्या वर्षीही मुलाला शाळेत घालावयास तयार नव्हता, तोच आता दुसऱ्यांची अडीच वर्षांची मुले मागत होता. परंपरेने सांगितलेले वय त्याने एकदम निम्म्यावर आणले होते. ही विसंगती गिजुभाईंच्या टीकाकारांनी पुढे आणावी इतकी उघड आहे. तिचे निरसन एकाच रीतीने होते. शाळेत जाण्याचे योग्य वय कोणते, या प्रश्नाला त्यांच्या लेखी स्वतंत्र अर्थच उरला नव्हता. मुलाला जेथे नेऊन बसवायचे ती जागा त्याला गप्प करणारी असेल तर सातवे वर्षही लवकर. ती त्याच्या हातापायांना आणि जिभेला मोकळीक देणारी असेल तर अडीचवे वर्षही उशिराचे नव्हे. वय हे जागेवर अवलंबून राहिले. मात्र या उत्तरात एक धोका दडलेला होता, आणि तो गिजुभाईंच्या हयातीत पुरता दिसला नाही. अडीच हा आकडा उचलणे सोपे असते, जागा उभी करणे कठीण असते. पुढच्या काळात आपल्या शहरांतून जे शिशुवर्ग निघाले त्यांतील अनेकांनी आकडा घेतला आणि पाढे, लेखन, प्रवेशासाठी मुलाखत ही जुन्या शाळेची सामग्री त्यात भरली. १९९३ मध्ये यशपाल समितीला शिशुवर्गाच्या प्रवेशपरीक्षा आणि मुलाखती बंद करा असे सांगावे लागले, यावरून हे लोण कोठवर गेले होते ते समजते.

आणखी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. बालमंदिर उघडले तेव्हा नरेंद्र सात वर्षांचा झालेला होता. ज्याच्यामुळे हा सारा खटाटोप सुरू झाला त्याचे अडीच वर्षांचे वय केव्हाच निघून गेले होते. बापाने काढलेले उत्तर मुलाच्या त्या वयाला लाभले नाही, दुसऱ्यांच्या मुलांना लाभले.

बालमंदिरात माँटेसरी-साधने होती; दंड नव्हता, बक्षीसही नव्हते. मुलाने कोणते काम घ्यायचे आणि किती वेळ करायचे ते त्याने ठरवायचे. संगीत, चित्र, बाग, हातपाय धुणे, नखे कापणे, फिरायला जाणे, या सर्वांना शिक्षण समजले जाई. १९२२ मध्ये संस्थेच्या टेकडीवरील वास्तूचे उद्घाटन कस्तुरबा गांधी यांच्या हस्ते झाले. आईच्या पदराला धरून येणारी लेकरे या मिशीवाल्या वकिलापाशी निर्धास्त राहू लागली, आणि गुजरातने त्यांना मिशीवाली आई असे प्रेमाचे नाव दिले. हे नाव ऐकून आपण हसतो. पण त्यात त्या काळाचे एक निरीक्षण आहे. इतक्या लहान मुलांची देखभाल हे पुरुषाचे काम असू शकते, ही गोष्टच लोकांना नवी होती, आणि तिला नाव द्यायला भाषेपाशी आई याखेरीज शब्द नव्हता.

एका बाबतीत मात्र गिजुभाईंनी गुरूची वाट सोडली, आणि आपल्या दृष्टीने तीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे. माँटेसरींना लहान मुलांसाठी अद्भुतकथा फारशा मान्य नव्हत्या. वास्तव आणि कल्पना यांतील सीमारेषा ज्याला अजून उमगलेली नाही त्या मुलाला बोलणारे प्राणी आणि पऱ्या यांत गुंतवू नये, अशी त्यांची धारणा होती. काठेवाडच्या मातीत वाढलेल्या गिजुभाईंना हे पटणे शक्य नव्हते. त्यांच्या मुलुखात म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी कथा होत्या, चारण-भाटांच्या तोंडी कथा होत्या, आणि त्या ऐकत मुले शतकानुशतके मोठी झाली होती. त्यांनी बालमंदिरात गोष्ट आणली, लोकगीत आणले, नाटक आणले. साधने रोमची आणि गोष्टी काठेवाडच्या, अशी ही मिसळण होती.

आता अडीच-तीन वर्षांच्या मुलाला गोष्ट सांगावयाची म्हणजे काय, याचा विचार केला पाहिजे. हा श्रोता वाचू शकत नाही, फार वेळ बसत नाही, लांब वाक्य धरून ठेवू शकत नाही. ऐकलेलेच पुन्हा ऐकण्यात त्याला आनंद असतो. संस्कृतप्रचुर गद्य त्याच्यापुढे निरुपयोगी आहे. पंडिती गुजरातीचे प्रस्थ असलेल्या त्या काळात ही अडचण लहान नव्हती. गिजुभाईंनी लोककथा गोळा केल्या आणि त्या बोलल्या जातात तशा लिहिल्या. वाक्ये तोकडी. क्रियापद वारंवार परत येणारे. मधूनमधून तालावर म्हणावयाची एक ओळ, जी तिसऱ्या वेळी मूलच म्हणून टाकते. छापलेल्या पानावरही त्या गोष्टी ऐकू येतात. शाळेत येण्याचे वय खाली आणल्यामुळे गद्याला वाचकाऐवजी श्रोता मिळाला, आणि श्रोत्याने गद्याची घडण बदलली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. गिजुभाईंनी सात-आठ वर्षांच्या मुलांपासून आरंभ केला असता तर गुजरातीला चांगली क्रमिक पुस्तके लाभली असती. हे वाङ्मय लाभले असते की नाही याची शंका आहे.

उदाहरणादाखल सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट घ्यावी. उंदराचे पोर शाळेत जाते आणि तेथे इतर मुले त्याला सात शेपट्यांवरून चिडवितात. ते रडत घरी येते. आईच्या सल्ल्याने एक शेपटी कापून घेते. दुसऱ्या दिवशी मुले सहा शेपट्यांवरून चिडवितात. असे करता करता एकही शेपटी उरत नाही, आणि मग मुले त्याला बिनशेपटीचा म्हणून चिडवितात. तीन वर्षांच्या मुलाला यात सातापासून खाली येणारी गणती मिळते, तालावरचे चिडविणे मिळते आणि शेवटची गंमत मिळते. त्याच्या शेजारी बसलेल्या आईबापाला मात्र आणखी काही ऐकू यावे. गोष्टीतले पोर शाळेत जाते आणि शाळेला आवडेल असे होण्यासाठी रोज स्वतःचा एक तुकडा कापून येते. गोष्ट लोकपरंपरेतली आहे. तिची निवड करणारा माणूस विनयमंदिरात घडून आलेली मुले पाहून आलेला होता, हे विसरता येत नाही.

दला तरवाडीची गोष्ट याहून निराळ्या जातीची. हा ब्राह्मण दुसऱ्याच्या वाडीतील वांगी तोडण्यापूर्वी वाडीलाच परवानगी विचारतो आणि वाडीच्या वतीने आपणच होकार देतो. पुढे मालक त्याला पकडतो आणि किती बुचकळ्या द्याव्यात ते विहिरीला विचारतो. विहीरही अर्थात उदार निघते. येथे चोरी करू नये असे वाक्य कोठेही येत नाही, आणि ते येऊ न देणे हा विचारपूर्वक केलेला संयम आहे. गोष्टी सांगण्याच्या शास्त्रावर गिजुभाईंनी 'वार्तानुं शास्त्र' हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोणत्या वयाला कोणती गोष्ट, वाचून दाखवावी की तोंडी सांगावी, नीतिबोधाचे काय करावे, अशा प्रश्नांची त्यात पद्धतशीर चर्चा आहे. अगदी लहानांसाठी तालबद्ध, एकामागून एक कडी जुळत जाणाऱ्या गोष्टी, नंतर प्राणिकथा, त्यानंतर साहस आणि इतिहास, असा वयाचा चढता क्रम त्यांनी लावला. भारतीय भाषांतील कथनमीमांसेच्या इतिहासात या ग्रंथाला जागा मिळावयास हवी. आपण कथनाचा विचार प्रौढ श्रोता गृहीत धरून करतो, म्हणून तो आपल्या दृष्टीआड राहतो. मराठी वाचकाला चिमणीच्या मेणाच्या आणि कावळ्याच्या शेणाच्या घराची गोष्ट आठवली तर गिजुभाईंच्या गोष्टींची जात लगेच ध्यानात येईल. तीच पुनरावृत्ती, तीच दाराशी ताटकळणाऱ्या कावळ्याची मजा.

मुलांसाठी लिहीत असतानाच त्यांनी आईबापांसाठीही लिहिले, आणि या लेखनाचा सूर पुष्कळ कडक आहे. आईबाप होणे किती अवघड आहे हेच एका पुस्तकाचे नाव आणि तेच त्याचे सूत्र. मूल बालमंदिरात आले तरी संध्याकाळी ते घरी जाणार. तेथे त्याला धाकदपटशा होणार असेल, किंवा आज काय लिहायला शिकलास अशी रोज झडती होणार असेल, तर सकाळचे काम फुकट. अक्षरओळख कधी होणार ही पालकांची घाई ओळखून ते त्यांना पुन्हा पुन्हा थोपवून धरीत. 'बापा, कागडो' ही त्यांची कथा बहुधा मुलांपेक्षा आईबापांसाठीच असावी. लहानगा मुलगा दुकानी बसलेल्या बापाला कावळा दाखवीत राहतो, बाप प्रत्येक वेळी शांतपणे होकार देतो आणि वहीत त्याची नोंद करून ठेवतो. तोच बाप म्हातारपणी मुलाला कावळा दाखवू लागतो तेव्हा मुलगा वैतागतो. जुनी चोपडी उघडली जाते, आणि त्यात होकारांची ती लांबलचक ओळ सापडते. बालकाशी कसे वागावे यावरचे शंभर पानी व्याख्यान या एका खतावणीत मावले आहे.

१९२३ मध्ये भावनगरला एक मराठी बाई आल्या. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. मुंबई विद्यापीठाच्या त्या पदवीधर होत्या आणि राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन-महाविद्यालयात प्राचार्यपदावर होत्या. संसार मोडलेला होता. मानाची, स्थिर नोकरी सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात काम करावयास आल्या आणि सुमारे नऊ वर्षे तेथे राहिल्या. १९२५ मध्ये भावनगरला माँटेसरी संमेलन भरले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, 'शिक्षणपत्रिका' निघू लागली, बालसाहित्याची माला प्रसिद्ध होऊ लागली. या प्रत्येक कामात ताराबाईंचा हात होता. मातृभाषा मराठी असलेल्या स्त्रीने गुजराती बालवाङ्मयाच्या संपादनात इतका वाटा उचलावा, आणि त्याची नोंद मराठीच्या इतिहासात ठळकपणे व्हावयास हवी तशी होऊ नये, हे आपल्या भाषावार इतिहासलेखनाचे एक उणेपण आहे.

गिजुभाईंचे सर्वाधिक भाषांतरित झालेले पुस्तक म्हणजे 'दिवास्वप्न'. काशिनाथ त्रिवेदी यांनी ते हिंदीत नेले आणि तेथून ते देशभर पसरले. एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडून परवानगी मिळवून सरकारी प्राथमिक शाळेच्या चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतो, अशी त्याची कल्पित कथा आहे. मोठ्या गडबडीने सुरू झालेला वर्ग गोष्टींच्या ओढीने हळूहळू जमून येतो. हे पुस्तक वाचून गिजुभाईंना ओळखणाऱ्यांची समजूत अशी होते की त्यांचे मुख्य कार्य नऊ-दहा वर्षांच्या मुलांत झाले. वस्तुस्थिती उलटी आहे. तीन वर्षांच्या मुलांसाठी त्यांना स्वप्न पाहण्याची गरज नव्हती. ते मंदिर टेकडीवर प्रत्यक्ष उभे होते. प्रवेश त्यांना मिळाला नव्हता तो सरकारी प्राथमिक शाळेत, म्हणून ती स्वप्नात आली. बालमंदिरातून बाहेर पडणाऱ्या मुलाचे सहाव्या-सातव्या वर्षी काय होते, ही चिंता त्या पुस्तकाच्या तळाशी आहे.

१९३० च्या सत्याग्रहाच्या काळात ते बार्डोली भागात विस्थापित कुटुंबांतील मुलांत काम करीत होते. १९३६ मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती सोडली. अखेरची वर्षे राजकोटला अध्यापन मंदिराच्या उभारणीत गेली. शरीर थकले होते. २३ जून १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. त्याच वर्षाच्या अखेरीस मारिया माँटेसरी भारतात आल्या, मद्रासजवळ अड्यारला त्यांनी शिक्षकांचा वर्ग घेतला, आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम कित्येक वर्षे लांबला. ज्या माणसाने जवळजवळ दोन तपे त्यांचा विचार गुजरातीत रुजविला त्याची आणि त्यांची या भूमीवर भेट होण्याचा योग हुकला तो असा काही महिन्यांनी. भेट झाली असती तर अद्भुतकथांवरून वाद झाला असता, यात शंका नाही.

गिजुभाईंच्या बालमंदिराला एक मर्यादा होती. तेथे येणारी मुले बहुतांशी शहरातील, सुस्थित, सुशिक्षित घरांतली होती. साधने महाग होती. ही उणीव ताराबाईंनी पुढे नेमकी हेरली. मुंबईत दादरला १९३६ मध्ये शिशुविहार काढल्यावर त्या तेथेच थांबल्या नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तीत गेले. वयाच्या प्रश्नाचे तेथे अगदीच निराळे रूप दिसले. वारली मुले बालवाडीत येत नव्हती, म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना याच कामातून आली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावरच शाळा भरू लागली. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येऊ शकत नव्हती, कारण तिच्या कडेवर दोन वर्षांचे भावंड होते. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी राहिली. भावनगरच्या वकिलाला आपल्या मुलाला कधी पाठवावे असा प्रश्न पडला होता. कोसबाडला धाकट्याला लवकर आणल्याशिवाय थोरलीला शाळा मिळत नव्हती.

सार्वजनिक धोरणाने या प्रश्नाची उत्तरे बदलत बदलत दिली. १९३७ च्या वर्धा योजनेने शिक्षणाचा आरंभ सातव्या वर्षी धरला. १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत त्याआधीच्या वयासाठी पूर्व-बुनियादीचा टप्पा जोडला गेला. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी हे नाव सरकारी दप्तरात आले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क दिला आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेण्यास मनाई केली. तीन ते सहा वर्षांची मुले त्या हक्काच्या बाहेरच राहिली. २०२० च्या जुलैमध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसरे वर्ष हा आरंभ मानला आणि पहिली इयत्ता सहाव्या वर्षी ठेवली. भावनगरच्या बालमंदिराच्या स्थापनेला त्याच सुमारास शंभर वर्षे पूर्ण होत होती.